मधली काडी

आमच्या आळीत सकाळ व्हायची ती कुंच्यांच्या आवाजाने. वाळल्या गवतातून कोणी पाय ओढत चालावं तसा तो आवाज आळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचा आणि परत यायचा. आष्टीतली ही कोष्ट्यांची आळी अरुंद होती, पण सरळ होती. सरळ होती म्हणूनच आमचे आजे-पणजे तिथे राहिले असावेत, कारण ताणा पसरायला सरळ जागा लागते. ताणा म्हणजे लुगड्याचे उभे धागे. मागावर चढवण्याआधी ते आळीभर ताणायचे, त्यांना ज्वारीच्या पिठाची खळ लावायची आणि ती वाळेपर्यंत मोठ्या कुंच्यांनी विंचरत राहायचं, म्हणजे धागा कडक आणि गुळगुळीत होतो. याला पांजणी म्हणत. ताण्यात ठरावीक अंतरावर बांबूच्या गुळगुळीत काड्या आडव्या घातलेल्या असत. एक धागा काडीच्या वरून, शेजारचा खालून, असे सगळे धागे आळीपाळीने. या काड्यांमुळे हजारभर धागे आपापली जागा सोडत नाहीत. आमच्याकडे काड्या पाच होत्या आणि मधली सगळ्यात जाड होती. पणजोबांच्या हाताची, वापरून वापरून काळी पडलेली. आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलो आहे तो त्या एका काडीपायी.

घरात आम्ही पाच माणसं. बाबा, माय, दादा, वहिनी आणि मी. पुढच्या खोलीत जमिनीतल्या खड्ड्यावर माग, मागच्या खोलीत चूल, आणि मधल्या जागेत सूत, ते गुंडाळायच्या कांड्या, रहाट. जेवायला बसलो तरी कोणाच्या ना कोणाच्या पाठीला सूत लागायचं. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वर कच्चं तेल आणि ठेचा. पांजणीच्या दिवशी चुलीवर दोन मडकी शेजारी शेजारी शिजत, एकात आंबिल आणि एकात खळ. दिसायला दोन्ही सारखीच. लहानपणी मी एकदा खळीच्या मडक्यात वाटी बुडवली होती, तेव्हा माय ओरडली, "ते आंबिल नोहे रे पोट्ट्या! पोटातली आतडी कडक होतीन!" ही गोष्ट वहिनीला लग्नानंतर आठवड्याभरातच कळली आणि पुढे कित्येक दिवस मी ताठ बसलो की ती म्हणायची, "भाऊजी आज खळ पेऊन आले वाट्टे."

वहिनी हिंगणीची. तिच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याने पोरीच्या हातात कुंचा दिला होता. आमच्या आळीत बायका खळ शिजवीत, कांड्या भरीत. कुंच्याला मात्र हात लावीत नसत. तशी काही शपथ नव्हती, पण नसत लावीत. वहिनी घरात आल्यावर दुसऱ्याच महिन्यात दादा बैलबंडीवरून पडला आणि त्याचा खांदा निखळला. ताणा आळीत पसरलेला आणि बाबांना समोरून हात द्यायला कोणी नाही. वहिनीने पदर खोचला, दादाचा कुंचा उचलला आणि ताण्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली. बाबांनी समोरून आपला कुंचा टेकवला. सकाळभर दोघं समोरासमोर चालत राहिली. आळीतल्या बायका दारात येऊन बघून गेल्या. खळ वाळली तेव्हा बाबांनी धाग्यांवरून तळहात फिरवला आणि मायला म्हणाले, "हात हलका हाये पोरीचा." बाबांच्या तोंडून एवढी स्तुती मी माझ्याबद्दल कधी ऐकली नव्हती, दादाबद्दलही नाही. दादाचा खांदा बरा झाला तरी कुंचा वहिनीकडेच राहिला. पुढे एकदा जेवताना बाबा म्हणाले, "दिवाळी झाली का दुसरा माग बसवतो. सूनबाई बसन त्याच्यावर." वहिनी भाकर थापत होती. तिचा हात थांबला आणि मग भराभर तीन भाकरी थापल्या गेल्या. त्या रात्रीपासून ती कामाच्या तंद्रीत दोन्ही पाय आळीपाळीने हलवायची, मागाच्या पावड्या दाबाव्यात तशी.

त्याच वर्षी आमच्या शाळेत चित्रकलेचे नवे मास्तर आले. वझलवार मास्तर. बारीक, उंच, सदऱ्याच्या खिशात कायम खडू. त्यांच्याकडे पेटी कॅमेरा होता. काळा, विटेएवढा, वरच्या बाजूला छोटीशी काच. कॅमेरा पोटाशी धरायचा आणि त्या काचेत खाली वाकून बघायचं. काचेत डावं ते उजवं दिसे. एका रिळात आठच फोटो निघत. मास्तरांनी आम्हा चौघा मुलांना निवडलं आणि सांगितलं, प्रत्येकाला दोन फोटो, पण आधी महिनाभर नुसतं बघायचं. कॅमेरा हातात नाही. एका पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडून दिलं आणि त्यातून गाव बघत फिरायला लावलं.

रेषेचा धडा त्यांनी नदीकडे जाणाऱ्या बंडीवाटेवर दिला. चाकोऱ्या दोन, लांब जाऊन एकमेकींना भेटल्यासारख्या दिसणाऱ्या. मास्तर म्हणाले, "डोळा आळशी असतो. त्याला वाट दिली तर चालतो, नाही दिली तर दारातच बसतो. फोटोत वाट कशी द्यायची? रेषेने. चाकोरी, शेतातलं पऱ्हाटीचं तास, शाळेच्या ओसरीचे खांब, भिंतीची कड, काहीही चालतं." मग त्यांनी आम्हाला उभं राहून तीच वाट बघायला लावली आणि मग उकिडवं बसून. बसल्यावर चाकोऱ्या पायापासून निघून लांबवर धावताना दिसल्या. "अर्धं पाऊल बाजूला सरक. आता रेष कोपऱ्यातून येते का? मधोमध उभा राहिलास तर ती तुझ्या अंगावर येते, कोपऱ्यातून घेतलीस तर आत नेते." माझा वर्गमित्र शंकर म्हणाला, "नेते, पण तिथी हाये काय मास्तर? बाभूळ हाये नुसती." मास्तर खूष झाले. "हेच! पाहुण्याला एवढं चालवलं तर शेवटी घर पाहिजे. रेषेच्या टोकाला कोणीतरी असू दे. आणि वाटेत आडवं काही नको. आडवं आलं की डोळा ठेचकाळतो आणि माघारी फिरतो."

माझ्या डोक्यात त्याच क्षणी ताणा आला. हजार रेषा, आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि टोकाला आमच्या घराचं दार. एवढी वाट कोणाच्या बापाकडे होती? मास्तर पुढेही काही बोलत होते, पण मी ऐकत नव्हतो.

कॅमेरा माझ्याकडे आला त्या दिवशी घरात तीन लुगड्यांचा ताणा होता. मायला ताप होता, म्हणून पहिल्यांदाच खळ एकट्या वहिनीने शिजवली होती. आमच्याकडे रीत अशी की ताणा पसरून, काड्या घालून, तुटलेले धागे जोडून झाले की सगळ्यांनी आत जाऊन न्याहारी करायची. एकदा ओली खळ लागली की ती वाळेपर्यंत थांबता येत नाही. तेवढा वेळ ताण्याजवळ कोणीतरी राखण बसायचं, बकऱ्या आणि पोरं आवरायला. त्या दिवशी राखण माझी होती. बाबा म्हणाले, "त्या पेटीत मुंडी घालून बसू नको. ताण्याकडे पाय."

मी ताण्याकडेच पाहत होतो. उकिडवा बसलो, अर्धं पाऊल सरकलो, रेषा कोपऱ्यातून घेतल्या. कोवळं ऊन तिरपं पडलेलं, एकेक धागा वेगळा दिसत होता. काचेत सगळं उलटं, पण सुंदर. फक्त मधली काडी. बाकीच्या चार बारीक होत्या, इतक्या खालून बघताना धाग्यांत मिसळून जात. पण ही जाड काळी काडी चौकटीच्या बरोबर मध्यात आडवी पडली होती. पुढे सरकलो, मागे सरकलो, अजून खाली वाकलो. ती तिथेच. डोळा ठेचकाळत होता.

मी कोष्ट्याचा पोरगा. काडी म्हणजे काय हे मला न कळण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मनाशी म्हटलं, धागे अजून कोरडे आहेत. काढतो, फोटो घेतो, शेजारच्या काडीवरून बघून परत घालतो. धागे तर पळून जात नाहीत. आणि मी ती काढली. अलगद निघाली. परत येऊन वाकलो तोच टोकाच्या दारातून वहिनी खळीचं मडकं कमरेवर घेऊन बाहेर आली. उंबऱ्यावर क्षणभर थांबली, उन्हामुळे डोळे बारीक करून ताण्याकडे बघितलं. हजार रेषा थेट तिच्याजवळ जाऊन पोचल्या होत्या. मी श्वास धरला आणि खटका दाबला.

ती मडकं ठेवून कुंचे आणायला आत वळली तेवढाच वेळ माझ्याकडे होता. काडी परत घालायला लागलो. वर, खाली, वर, खाली. आतून बाबांचा चूळ भरल्याचा आवाज आला. मधल्या पट्ट्यात कुठला धागा वर घ्यायचा ते दिसेना. उरलेली काडी मी अंदाजाने सरळ ढकलली.

पहिला अर्धा ताणा नेहमीसारखा झाला. ओली खळ, समोरासमोर दोन कुंचे. विंचरत पुढे जाताना काडीही थोडी थोडी सरकवत न्यावी लागते. मधल्या काडीपाशी आल्यावर ती सरकेना. बाबांनी जोर लावला. धाग्यांचा एक झुबका गोळा झाला, मग दुसरा. वहिनी बोटांनी सोडवायला गेली तर ओले धागे तटातट तुटायला लागले. ऊन वर चढत होतं आणि खळ गुंत्यासकट वाळत चालली होती. शेजारचे दोघं धावून आले. दुपारपर्यंत मधला सगळा पट्टा दोरखंडासारखा होऊन बसला.

बाबांनी मडक्यात बोट बुडवून खळ चिमटीत घासली. "दाट हाये," म्हणाले. "चिकटली म्हणून गुतली."

"गुठळी तर नोती मामाजी," वहिनी म्हणाली. "फडक्यातून गाळलती."

"मग काऊन चिकटली?"

वहिनीने मडक्याकडे बघितलं. मी दहा पावलांवर उभा होतो, कॅमेरा पोटाशी. तोंड उघडलंसुद्धा. त्याच वेळी ती हळू आवाजात म्हणाली, "माहंच चुकलं असन. एकटीनं पह्यल्यांदाच शिजवली." आणि माझं तोंड मिटलं. दोष कोणीतरी उचलून घेतला होता. मला फक्त गप्प राहायचं होतं. यापेक्षा सोपं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

बाबा ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. संध्याकाळी त्यांनी वहिनीचा कुंचा उचलून दादाच्या खुंटीला टांगला, बस. वहिनी बराच वेळ चुलीपाशी मडकं पुढ्यात घेऊन बसली होती. उरलेली खळ दोन बोटांत घ्यायची, घासायची, परत घ्यायची. आळीत दोन दिवसांत बोलणं पसरलं की हिंगणीच्या पोरीचा हात जड निघाला. दिवाळी आली आणि गेली. दुसऱ्या मागाचा विषय कोणी काढला नाही. वहिनी रहाटावर बसून कांड्या भरायला लागली, आणि आमचा माग बंद पडेपर्यंत कांड्याच भरत राहिली. तिचे पाय मात्र लवकर हलायचे थांबले. ते माझ्याशिवाय कोणाच्या लक्षात आलं असेल असं वाटत नाही.

फोटो वर्ध्याहून धुवून आला तेव्हा मास्तरांनी तो वर्गात हात उंच करून दाखवला. "बघा रे! रेष कुठून निघते, कुठे नेते!" शंकर म्हणाला, "अबे, लय भारी." मास्तरांनी मला बाजूला घेऊन सहज विचारलं, "काही हलवलं तर नाहीस ना? त्या दिवशी बोललो होतो ते लक्षात आहे ना, आपण हलायचं, समोरचं हलवायचं नाही." मी न ऐकलेलं वाक्य हेच होतं. मी म्हटलं, "नाही मास्तर." त्यांना तो फोटो वहिनीला स्वतः येऊन द्यायचा होता. मी सांगितलं, आमच्याकडे बायांचे फोटो चालत नाहीत. हे धडधडीत खोटं होतं. मायचा जत्रेतला फोटो आमच्या भिंतीतल्या देवळीत होता. पण कोणताही कोष्टी माझा फोटो बघून दोन क्षणांत म्हणाला असता, काडी कुठे आहे? मास्तरांनी फोटो मला दिला. मी तो भूगोलाच्या वहीत ठेवला, मग पेटीच्या तळाशी, मग बदलत गेलेल्या घरांमधल्या कपाटांत.

पुढे मी नागपूरला फोटोचं दुकान टाकलं आणि नवशिक्यांना शिकवलंही. रेषेचा धडा मी बंडीवाटेवरून देत असे, शाळेच्या खांबांवरून देत असे. बसा, सरका, कोपऱ्यातून घ्या, टोकाला कोणीतरी असू द्या. आणि चौकटीत काही आडवं आलं तर हात लावू नका, स्वतः हला. नाहीच जमलं तर ते आडवं असू द्या. या शेवटच्या वाक्यावर माझा आवाज जरा चढायचा. मुलं एकमेकांकडे बघायची. माझ्याकडचा सगळ्यात चांगला दाखला मी त्यांना कधीच दाखवला नाही.

बाबा गेले तेव्हा मी त्यांच्या उशाशी होतो आणि बोललो नाही. माय गेली, दादा गेला. प्रत्येक वेळी वाटायचं, आता कशाला. खरं तर भीती बाबांची नव्हतीच, वहिनीची होती. तिने आयुष्यभर मला भाऊजी म्हणून पहिली भाकर वाढली होती.

गेल्या हिवाळ्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर घरी येऊन कपाटातली पहिली वस्तू बाहेर काढली ती हीच. इतकं स्वच्छ मला तो फोटो काढला तेव्हाही दिसलं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी वर्ध्याची बस धरली.

वहिनी आता तिथे नातवाकडे असते. नव्वदीला टेकली आहे, कान शाबूत, दृष्टी कमी. ओसरीत उन्हाला बसली होती. नातसुनेने चहा आणला. मी फोटो वहिनीच्या हातात दिला. काय बोलायचं ते बसमध्ये पवनारपर्यंत पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो. तिने तो डोळ्यांपाशी नेला, उन्हाकडे तिरपा केला.

"ही मी व्हय? बाप्पा, केवढी रोड होती!" मग नातसुनेला म्हणाली, "पाय वं, हे आपली आळी. हा ताणा."

तिचं बोट खालच्या कोपऱ्यातून निघालं आणि धाग्यांवरून हळूहळू पुढे सरकू लागलं. मास्तरांनी सांगितलं होतं तसं ते वाट चालत होतं. टोकाच्या दारापर्यंत मात्र गेलं नाही. मध्यात थांबलं. थोडं मागे आलं, पुन्हा तिथेच थांबलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "इथली काडी कुठी गेली?"

"मी काढली होती, वहिनी. फोटोत आडवी येत होती म्हणून. परत घालताना चुकली."

नातसून चहाची बशी धरून उभी होती. वहिनी फोटोकडे बघत होती, माझ्याकडे नाही. शिव्या, रडणं, मौन, मी सगळ्याची तयारी करून आलो होतो. तिने उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांवर घासली, सावकाश, चिमटीत काही असल्यासारखी.

"म्हंजे खळ बरोबर होती," ती म्हणाली.

"बरोबर होती."

"गुठळी नोती."

"नव्हती, वहिनी."

"म्या गाळलती! फडक्यातून दोनदा गाळलती!" आणि ती हसायला लागली. दात नसलेलं, खांदे हलवणारं हसू. हसता हसता तिने माझ्या दंडावर एक चापट मारली, चांगली जोरात. "मेल्या! इतके वर्सं! अन् मी पोरीच्या लग्नात कढीसुद्धा दुसऱ्याले ढवळाले लावली, आपला हात जड म्हणून!" पुढच्याच क्षणी तिचे डोळे भरले. ते मी पुसू शकत नव्हतो, म्हणून बघत बसलो. त्याचा हिशेब या कागदांवर मिटणार नाही हे मला कळतं. पण पदराने डोळे पुसून ती नातसुनेकडे वळली तेव्हा तिच्या आवाजात आमच्या घरात नवीन आलेली ती मुलगी होती. "बस इथी. तुले खळ सांगतो. ज्वारीचं पीठ आधी थंड्या पाण्यात कालवाचं, गरम पाण्यात नाई. भाऊजी, तुमी लिहून घ्या, तुमाले काम नाई धंदा नाई."

मी लिहून घेतली. पीठ किती, पाणी किती, चुलीवरून कधी उतरवायची, बोटाला कशी लागली पाहिजे. कागद नव्हता, म्हणून फोटोच्या मागेच लिहिली.

फोटो मी तिच्याकडेच ठेवून आलो. तो आता ओसरीच्या भिंतीवर आहे. नातू फोनवर सांगत होता की आल्या-गेल्याला ती स्वतः उठून दाखवते. लोक धाग्यांवरून चालत दारातल्या तरुण बाईपर्यंत जातात आणि म्हणतात, आजी, काय सुंदर दिसत होत्या तुम्ही. ती म्हणते, "ते राहू द्या. इथी पाहा, इथी काडी पाह्यजे होती." आणि मग फोटो उलटा करून खळ वाचायला लावते.